लेन्स न निघणारा कॅमेरा

दुकानाच्या काउंटरवर, काचेवरच, दोन बिघडलेले कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन्ही छोटे, दोन्ही काळे, दोघांच्याही लेन्सची नळी अर्धवट बाहेर येऊन अडकलेली. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं थांबल्या थांबल्या त्यांना हात लावतात, आणि इकायचे हेत का म्हणून विचारतात. पडले, असं मी सांगतो. दोन्ही? दोन्ही. मग माणूस माझ्या हाताकडं बघतो आणि खुर्चीवर जाऊन बसतो.

ते कॅमेरे मी तिथं ठेवलेले नाहीत, बायकोनं ठेवलेत. आणि तिथून उचलायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

आमचं दुकान अंबडला, कोर्टाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. एरवी दिवसभर पासपोर्ट फोटो, लग्नसराईत लग्नं. पुढं मी, आणि प्लायवूडच्या आडोशामागं कॉम्प्युटरवर ती. माझे फोटो ती नीट करायची. मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून उचलून बसवायची, काळवंडलेली तोंडं उजळायची, तिरका मांडव सरळ करायची. लग्नघरचे लोक अल्बम चाळून म्हणायचे, फोटोग्राफर एक नंबर हाय, आणि मी मान हलवून चहा सांगायचो. आडोशामागून कधी कुणी बाहेर आलं नाही. फक्त माझा एखादा हललेला फोटो पडद्यावर आला की ती स्वतःशीच म्हणायची, "ह्यो गेलेला." प्लायवूड पातळ आहे. दिवसातून कितीतरी वेळा मला ते ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी तिचा राग यायचा. माझा यायला पाहिजे होता.

दोन-तीन वर्षांमागं वडीगोद्रीच्या पुढच्या एका खेड्यातलं लग्न आलं. आमच्यातलेच लोक. त्यांच्याही आजोबाकडं मेंढरं होती, आमच्याही. आता त्यांच्याकडं मोसंबी आहे आणि माझ्याकडं दुकान. नवरीची चुलती स्वतः दुकानात येऊन बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. हळदीला पुरुष फोटोवाला नको. थोरल्या पोरीच्या हळदीत एक जण बायकांच्या घोळक्यात घुसला होता आणि सगळ्या अंग चोरून बसल्या होत्या. अख्ख्या अल्बमात नुसते पदर.

"तुमच्यात बाई कोणी न्हाई का फोटो काढणारी?" तिनं विचारलं.

मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आडोशामागून आवाज आला. "मी येते."

चुलतीला ते आवडलं. ती जाता जाता बोलून गेली, की हळद चांगली उतरली तर आमच्या भावकीतली बायकांकडची सगळी कामं तुलाच. त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट होती. ही हळद तिला जमली, तर ती प्लायवूडच्या मागून बाहेर येणार होती.

लोक म्हणतील, मग बिघडलं काय, घरचंच काम वाढलं. मीही लोकांसमोर असंच म्हणालो. आतून मी घाबरलो होतो. माझ्या सगळ्या गेलेल्या फोटोंची साक्षीदार एकटी तीच होती. ती बाहेर पडली असती आणि तिचे फोटो दुरुस्तीशिवायच बरे निघाले असते, तर मी कोण हे मला माझ्याच दुकानात कळलं असतं.

तिला स्वतःचा कॅमेरा लागणार होता. माझा जुना, आरशाचा, वजनदार. तो मला हवा होता. राहिले दोन पर्याय. एक मिररलेस, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला, अंगानं हलका, पण लेन्सा बदलता येणारा खरा कॅमेरा. दुसरा मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फोटो उमटतो तो आतला भाग मोठा असलेला, कॉम्पॅक्ट. तो पर्समध्ये बसतो, त्याची लेन्स कायमची अंगाला जडवलेली असते, चालू केला की नळी पुढं येते आणि बंद केला की आत जाते.

तिला मिररलेस पाहिजे होता. भाकरी थापता थापता ती मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून त्याचे व्हिडिओ बघायची. मी बाहेरच्या खोलीतून टोमणे मारायचो. लेन्सा बदलशील का भाकरी बदलशील, म्हणालो. मान दुखंल, म्हणालो. एवढं मोठं यंत्र हातात घेतल्यावर लोक नवरीला बघतील का तुला, असंही म्हणालो. ती तव्यावरची भाकरी उलटायची आणि उत्तर द्यायची.

"तुमचा मोठाच हाय ना? तरी डोळे मिटलेलेच येतेत."

त्यानंतर दोन दिवस आम्ही जेवणाच्या ताटापुरतंच बोललो.

टोमण्यांनी ती हलत नव्हती. तेव्हा मी भंडाऱ्यावर आलो. दुसऱ्या कुणाच्या घरी कॅमेरा घेताना भंडाऱ्याचा विचार होणार नाही. आमच्यात होतो. आमच्या बऱ्याच घरांत हळद आधी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकांना लागते, मग मूठमूठ भंडारा वर जातो. येळकोट म्हणत बायका असा उधळतात की समोरचं माणूस दिसत नाही. नवरीला हळद लागायच्या आधीच सगळं घर पिवळं झालेलं असतं. त्यातच फोटो काढायचे.

मी तिला नीट समोर बसवून समजावलं. इतक्या शांतपणे मी तिच्याशी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, आडवा यायला आरसाही नसतो. भंडाऱ्याची एक चिमूट आत गेली की पुढच्या प्रत्येक फोटोत डाग. नवरीच्या गालावर, नवरदेवाच्या कपाळावर. ते डाग मंग कोण पुसत बसणार? तूच.

"आणि ह्याची लेन्स तर निघतच न्हाई," मी म्हणालो. "मंग भंडारा जाईल कुठून?"

तिला पटलं. ती हिशेबी बाई आहे, पटलेलं नाकारत नाही.

कुठून जाईल ते मला माहीत होतं.

फार पूर्वी माझ्याकडं तसाच एक छोटा कॅमेरा होता. खंडोबाच्या जत्रेत घेऊन गेल्तो. ती नळी पुढं येताना आणि मागं जाताना भात्यासारखी हवा ओढते. हवेत भंडारा असला की भंडारा ओढते. पालखी वळायच्या आत तो कर्रर्र करून अडकला. मी त्याला प्लॅस्टिक गुंडाळलं नव्हतं, ही चूक सांगायची लाज वाटली म्हणून घरी सांगितलं, गाडीवरून पडला. तो ड्रॉवरमध्ये गेला आणि ती गोष्ट तिथंच मिटली.

म्हणजे मी तिला जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, खरं आहे. कॉम्पॅक्टची लेन्स निघत नाही, खरं आहे. खोटा होता तो फक्त शेवटचा प्रश्न. दुकानात एखादा अनोळखी माणूस असा सल्ला विचारायला आला असता तर मी त्याला दोन मिनिटांत सांगितलं असतं, की मिररलेस घे, घरूनच एक लेन्स लावून जा, तिथं ती बदलू नको, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढव आणि रबर लाव. त्याच्याही लेन्सची नळी पुढंमागं होते, पण बिघडलीच तर ती लेन्स तेवढी काढून ठेवता येते, कॅमेरा जगतो. कॉम्पॅक्टचं सगळं एकाच पोटात. नळी मेली की सगळा मेला. अनोळखी माणसाला मी हे सांगितलं असतं. बायकोला सांगितलं नाही.

कॅमेरा घ्यायला आम्ही जालन्याला गेलो. दुकानदार माझ्या जुन्या ओळखीचा. त्यानं दोन्ही काढून काचेवर ठेवले आणि मिररलेस तिच्याकडं सरकवला. "भाभी, पहले आँख को लगाके देखो."

तिनं तो उचलला. एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि हळूहळू वळत माझ्यावर थांबली. तिचा चेहरा कॅमेऱ्याच्या मागं गेला होता. मला फक्त लेन्स दिसत होती. इतकी वर्षं लग्नांत मी लोकांकडं असं बघत आलो, माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. माझा हात आपोआप केसांवरून फिरला. तिनं बटण दाबलं नाही. नुसतं बघितलं आणि कॅमेरा खाली ठेवला.

मग तिनं कॉम्पॅक्ट घेतला. तो उलटासुलटा करून पाहिला.

"ह्याला डोळा लावायची जागा न्हाई?"

मागच्या पडद्यावर बघायचं, दुकानदार म्हणाला. मी घाईघाईनं म्हणालो, मोठा सेन्सर हाय ह्याला. खोक्यावरच लिहिलंय.

"त्या दुसऱ्यापेक्षा मोठा का?"

"मोबाइलपेक्षा लय मोठा," मी म्हणालो.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. त्याला धंदा कळतो. त्यानं कपड्यानं काच पुसली आणि तिलाच विचारलं, की काम कशाचं आहे. लग्नाचं म्हणाली असती तर त्यानं पुढचं विचारलं असतं, आणि भंडारा शब्द निघाला असता तर त्यानं कॉम्पॅक्ट परत खोक्यात घातला असता. मी तिच्या आधी बोललो. "घरगुती."

तिनं कॉम्पॅक्टवर बोट ठेवलं. कॉम्पॅक्ट तिनं स्वतःच निवडला, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. येताना मोटारसायकलवर ती पिशवी माझ्या आणि तिच्या मध्ये धरून बसली होती. पर्समध्ये बसेल असा तो होता, पण तिनं तो पर्समध्ये ठेवला नाही.

हळद सकाळची होती. ती आतल्या पडवीत, मी बाहेर मांडवात. आत काय झालं ते मला नंतर चुलतीनंच ऐकवलं, कमीजास्त करून. बायका आधीपासूनच तिच्या कॅमेऱ्याला मोबाइल म्हणत होत्या. हात लांब करून धरायचा म्हटल्यावर तो मोबाइलच दिसतो. फोटो काढून राह्यली तरी बायका तिच्या पुढून ये-जा करत होत्या. मोठी लेन्स बघून माणसं वाट देतात, तशी तिला कुणी देत नव्हतं. तरी तिनं टाकांचे फोटो काढले, नवरीचे पाटावर बसतानाचे काढले. मग भंडारा उधळला. तिनं नेमकी त्याच वेळी नळी पुढं घेतली, नवरीचं तोंड जवळ आणायला.

कर्रर्र असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला. तिनं बंद करून चालू केला. पुन्हा तोच आवाज. घोळक्यात कुणीतरी म्हणालं, फोटोवालीचा मोबाइल बंद पडला. सगळ्या हसल्या. लग्नघरचं हसू, त्यात वाईट काही नव्हतं. पण चुलतीला काळजी होती, आणि काळजी तिच्या जिभेवर आली.

"बाई, तुझ्या नवऱ्यानं तुला खेळणं घेऊन दिलं का काय?"

ती बाहेर आली. केसांत भंडारा, हातांवर हळद, पापण्यासुद्धा पिवळ्या. मांडव ओलांडून सरळ माझ्यापुढं उभी राहिली आणि हात पुढं केला.

"तुमचा द्या."

माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी म्हणालो, "नवरदेवाकडचे येऊन राह्यलेत. माझं काम अडंल."

नवरदेवाकडचे दुपारी येणार होते. हे तिलाही माहीत होतं. तिनं मांडवभर नजर फिरवली. दोन म्हातारे बाजेवर झोपले होते. एक जण दाढी करून घेत होता. बाकीचे चहा पीत माझ्याकडं बघत होते. त्यांच्यासमोर गळ्यातला कॅमेरा काढून बायकोच्या हातात देणं मला जमलं नाही. पट्टा मानेवरून नुसता वर घ्यायचा होता.

तिनं हात खाली घेतला. "बरं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

कॉम्पॅक्टबद्दल माझं जे काही होतं ते निदान आधी ठरवलेलं होतं, घरात बसून, डोकं लावून. मांडवातलं तसं नव्हतं. तिथं ती माझ्यासमोर उभी होती आणि मला बघता येत होतं. मला झोपताना आठवतं ते हेच, दुकानातलं नाही.

तिनं हळद चुलतीच्या मोबाइलवर काढली.

ते फोटो मी अल्बम करताना पाहिले, म्हणजे ती अल्बम करत असताना तिच्या खांद्यावरून. तिला आवडत नव्हतं, तरी पाहिले. फोटोंवर बारीक दाणे आलेले होते, कडा फुटलेल्या होत्या. पण एकाही बाईनं पदर ओढून घेतलेला नव्हता. नवरी खदाखदा हसत होती, एक म्हातारी भंडाऱ्याची मूठ वर नेताना जीभ बाहेर काढून होती, आणि सगळ्यांचे डोळे उघडे होते. तिनं त्या पानांत काहीही दुरुस्ती केली नाही. मधली माझी पानं आली तेव्हा मात्र तिचा माउस पहिल्यासारखा चालू लागला, आणि ती म्हणाली, "ह्यो गेलेला. ह्योबी." या वेळी स्वतःशी नाही.

चुलती अल्बम न्यायला आली. फोटो बरे आलेत म्हणाली. पुढच्या कामाचं काही बोलली नाही. मी मुद्दाम विचारलं, आडोशामागं बायकोला ऐकू जाईल असं, तर चुलती म्हणाली, तसं न्हाई हो, पण आमच्याच मोबाइलवर काढायचे तर आमच्या पोरी काय कमी हेत? आडोशामागं कीबोर्डचा आवाज थांबला. मी चुलतीला चहा सांगितला.

मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं. निदान तो दिवसभर वाटलं.

मग ड्रॉवर. एका दुपारी ती फोटोची पाकिटं बांधायला रबर शोधत होती. मी गिऱ्हाइकाला खुर्चीवर सरळ बसवत होतो. मागून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला नाही. मी वळलो तेव्हा माझा जत्रेतला जुना कॅमेरा तिच्या हातात होता. तिनं त्याच्या नळीच्या फटीत टाचणी घातली, बाहेर काढली आणि टाचणीचं टोक काचेवर पुसलं. काचेवर पिवळी रेघ उमटली.

गाडीवरून पडलेल्या कॅमेऱ्याच्या पोटात भंडारा कसा, हे तिनं विचारलं नाही. ती मागं गेली, स्वतःचा कॉम्पॅक्ट घेऊन आली, आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. ओट्यावर डबे लावावेत तसे, कडा जुळवून. गिऱ्हाईक म्हणालं, काका, मान सरळ हाय का बघा. मी बघितली.

त्यानंतर तिनं माझ्या फोटोंना हात लावला नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. कॉम्प्युटर चालू करायची आणि फक्त पासपोर्ट फोटो छापायची. लग्नाचे फोटो मी पुढं केले की म्हणायची, बाहेर द्या. मी बाहेर देतो. बाहेरचा पोरगा मिटलेले डोळे तसेच ठेवतो. लोक आता अल्बम बघून एक नंबर म्हणत नाहीत. बरा हाय म्हणतात.

काही महिन्यांनी तिच्याकडं मिररलेस आला. तो तिनं कसा घेतला हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जालन्याच्या त्याच दुकानातून घेतला, कारण दुकानदारानं फोन करून मला शुभेच्छा दिल्या आणि लगेच फोन ठेवला. आता ती हळदीची, डोहाळजेवणाची, बारशाची कामं करते. एसटीनं जाते, लांबचं असलं तर जीपनं. परवा जाफराबादच्या बाजूला गेल्ती. गळ्यात कॅमेरा असला की माणसं तिला वाट देतात म्हणे. हे तिनं मला सांगितलं नाही, बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं. वडीगोद्रीकडच्या त्या भावकीनं मात्र तिला अजून बोलावलेलं नाही. ती दारं माझ्यामुळं बंद झाली ती बंदच आहेत, आणि मी तिथं जाऊन खरं सांगितलं तर उघडतील. मी गेलेलो नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ती हळदीच्या कामाला निघाली होती, आमच्यातल्याच एका घरी. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवत होती. लेन्सच्या तोंडापुरतं पिशवीला भोक पाडलेलं, बाकी सगळं आत. हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. मी शिकवलेलं नाही. तिचं रबर तुटलं. तिनं माझ्याकडं न बघता पाकिटांच्या गठ्ठ्याचं रबर काढून घेतलं आणि पाकिटं काउंटरवर सांडली.

मी पाकिटं गोळा करता करता म्हणालो, "मला माहीत व्हतं."

तिनं पिशवी ताणून धरली होती. "काय माहीत व्हतं? लेन्स अडकती ते, का मला जमंल ते?"

इतकी वर्षं मी असल्या प्रश्नाला बाहेर निघून जायचो, नाहीतर चहा सांगायचो. या वेळी हातात पाकिटं होती.

"दोन्ही," मी म्हणालो.

तिनं रबराचा एक वेढा दिला, दुसरा दिला, पिशवीत हवा राहिली का ते दाबून पाहिलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या घालेल. दोन्हींपैकी कशालाही मी तयार होतो. तिनं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पट्टा मानेवर नीट केला.

"मांडवात म्हणायचं व्हतं," ती म्हणाली. "सगळे व्हते तिथं." मग दारातून वळून काउंटरकडं बोट केलं. "ते तिथून काढू नका." आणि एसटी स्टँडकडं निघून गेली.

ती गेल्यावर एक माणूस आला, हातात कागद, पायाला शेतातली माती. फोटो पाहिजे होता, लगेच. मी दिवे लावेपर्यंत त्यानं दोन्ही कॅमेरे उचलून, कानाशी हलवून पाहिले. काय झालं व्हतं हो ह्यांना, म्हणाला.

"भंडारा गेल्ता," मी म्हणालो. "एक माझ्या चुकीनं. दुसऱ्यात जाणार हे मला माहीत असून मी बायकोला घ्यायला लावला."

त्यानं कॅमेरे होते तिथं ठेवून दिले आणि हात पँटीला पुसले.

"बरं, माझा काढा की जल्दी," तो म्हणाला. "वकील थांबलाय."

मी काढला. त्याचे डोळे मिटले होते. पुन्हा काढला.